जुनी हार्ड डिस्क हातावेगळी करण्याआधी: तपासणे, पुसणे, फॉरमॅट करणे आणि वेग मोजणे

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान मशिन शॉपमधले तीन जुने संगणक विकायचे ठरले, तेव्हा त्यांतल्या हार्ड डिस्कांचे काय करायचे हा प्रश्न माझ्याकडे आला. एका डिस्कमध्ये टॅलीचा अनेक वर्षांचा हिशेब होता, दुसरीत ग्राहकांनी विश्वासाने दिलेली ड्रॉइंग होती आणि तिसरीत कामगारांच्या आधार कार्डांच्या व बँक पासबुकांच्या स्कॅन केलेल्या प्रती होत्या. जुने संगणक घेणाऱ्या दुकानदाराने "फॉरमॅट मारून घेतो, काळजी करू नका" असे सांगितले होते आणि मालकांनाही तेवढे पुरेसे वाटत होते. मी हिशेबाची डिस्क त्यांच्यासमोरच फॉरमॅट केली, ती पूर्ण रिकामी दिसते आहे हे दाखवले आणि मग तिच्यावर फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम चालवला. त्यांचा चहा संपण्याच्या आत पगारपत्रकाच्या एक्सेल फाइली एकामागून एक परत येऊ लागल्या. त्यानंतर त्या तीन डिस्कांवर जे काम केले, त्याची रीत येथे सविस्तर देत आहे.

डिस्क पुसणे, फॉरमॅट करणे आणि तिचा वेग मोजणे ही बहुधा तीन स्वतंत्र कामे म्हणून सांगितली जातात. माझ्या अनुभवात ती एका ठरावीक क्रमाने केली तर प्रत्येक पायरीतून आधीच्या पायरीची परीक्षा होते, आणि डिस्क विकावी, ठेवावी की मोडून टाकावी हा निर्णय शेवटी आपोआप समोर येतो. तो क्रम असा: ओळख आणि बॅकअप, प्रकृतीची नोंद, पुसणे, पुन्हा प्रकृतीची नोंद, फॉरमॅट, आणि सर्वांत शेवटी वेगाची मोजणी.

फॉरमॅटने काय होते आणि काय होत नाही

सातबारावरचे नाव खोडले म्हणून बागेतली द्राक्षे नाहीशी होत नाहीत. क्विक फॉरमॅटचेही तसेच आहे. कोणती फाइल डिस्कवर कोठे ठेवली आहे याची जी नोंदवही असते, ती कोरी करून नवी मांडली जाते. फाइलींचा मजकूर आहे त्या जागीच राहतो आणि त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो वाचता येतो. एक टीबीची डिस्क काही सेकंदांत फॉरमॅट होते, यातच तिला हात लावला गेलेला नाही हे स्पष्ट आहे, कारण तेवढी जागा खरोखर लिहायची झाली तर काही तास लागतात.

‘क्विक फॉरमॅट’ समोरची खूण काढून केलेल्या पूर्ण फॉरमॅटची गोष्ट वेगळी आहे. विंडोज एक्सपीपर्यंत पूर्ण फॉरमॅटमध्ये डिस्क फक्त वाचून बॅड सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचे खराब झालेले छोटे कप्पे, शोधले जात. जुना मजकूर त्यातही शिल्लक राहत असे. 2007 साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट त्या विभागातील (पार्टिशनमधील) प्रत्येक सेक्टरवर शून्ये लिहितो. "फुल फॉरमॅट करूनही डेटा परत येतो" असे सांगणारे अनेक जुने तंत्रज्ञ आजही भेटतात. ते खोटे बोलत नाहीत, त्यांचा अनुभव एक्सपीच्या काळातला असतो.

लोक डिस्क विकताना किती निष्काळजी असतात, याचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेत सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी 2003 साली प्रसिद्ध केला. त्यांनी वापरलेल्या 158 डिस्क विकत घेतल्या. त्यांतील 129 वाचता आल्या आणि पूर्णपणे पुसलेल्या अशा त्यांत फक्त 12 निघाल्या. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यानंतर कामगारांच्या कागदपत्रांच्या प्रती भंगारात जाऊ देणे ही केवळ निष्काळजी राहिलेली नाही, हे लहान कारखानदारांनी लक्षात घ्यावे.

डिस्क ओळखणे

या कामातली सर्वांत महागडी चूक म्हणजे भलतीच डिस्क पुसणे, आणि ती मी स्वतः केली आहे. घरच्या संगणकाला दोन डिस्क जोडलेल्या होत्या, दोन्ही एक टीबीच्या. मी एका खिडकीत डिस्कचा क्रमांक पाहिला, मधे यूएसबीची केबल काढून दुसऱ्या पोर्टला लावली, क्रमांक बदलले आणि मी मात्र पाठ झालेला जुनाच आकडा टंकला. जी डिस्क कोरी झाली, तिच्यात भाच्याच्या मुंजीचे सगळे फोटो होते. नशीब एवढेच, की मी दिलेली आज्ञा ‘क्लीन’ होती, ‘क्लीन ऑल’ नव्हती. ‘क्लीन’ विभागांची मांडणी तेवढी काढून टाकते, ‘क्लीन ऑल’ सगळी डिस्क शून्यांनी भरते. टेस्टडिस्क या प्रोग्रामने ती मांडणी पुन्हा शोधून दिली आणि फोटो जसेच्या तसे परत मिळाले. ‘क्लीन ऑल’ दिली असती तर बहिणीला तोंड दाखवायची सोय उरली नसती.

तेव्हापासून मी तीन नियम पाळतो. जी डिस्क पुसायची आहे तिच्याशिवाय बाकी सर्व बाहेरच्या डिस्क आणि पेनड्राइव्ह आधी काढून ठेवावेत. डिस्कच्या लेबलावरचा मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहून घ्यावेत. आणि पडद्यावर दिसणारे मॉडेल त्या कागदाशी बोट ठेवून ताडून पाहावे. फक्त क्षमतेवरून डिस्क ओळखू नये. लेबलावर 1 टीबी असते आणि विंडोज मात्र 931 जीबी दाखवते, कारण निर्माते हजारच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या. त्यामुळे डिस्क सदोष आहे असे समजण्याचे कारण नाही.

बॅकअपबद्दल जास्त लिहीत नाही. जे हवे आहे ते दुसऱ्या डिस्कवर घ्यावे, आणि घेतलेल्यातील पाच-दहा फाइली उघडून पाहाव्यात. टॅलीचा बॅकअप नुसता ठेवून भागत नाही, तो दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून पाहावा.

प्रकृतीची नोंद

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची एक नोंद आत ठेवत असते. तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने ती वाचता येते. यादी लांबलचक असली तरी चक्रीवाल्या, म्हणजे आत चकत्या फिरणाऱ्या हार्ड डिस्कसाठी चार-पाच ओळी पुरेत. 05 ही ओळ खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची संख्या सांगते. सी5 म्हणजे ज्यांच्याबद्दल डिस्कला संशय आहे, पण निर्णय झालेला नाही असे सेक्टर. सी6 म्हणजे दुरुस्त न होऊ शकलेले. सी7 ही ओळ डिस्कच्या आतली चूक दाखवत नाही. संगणक आणि डिस्क यांच्यामधल्या दळणवळणातल्या चुका ती मोजते आणि तिचा आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. 09 मध्ये डिस्क किती तास चालली ते दिसते. हा प्रोग्राम मूळ आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतो, तेव्हा पर्यायांमध्ये जाऊन ते दशमान करून घ्यावेत. नाहीतर ‘10’ वाचून दहा समजले जातात आणि प्रत्यक्षात ते सोळा असतात.

हे आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. पुसून झाल्यावर त्यांच्याशीच तुलना करायची आहे. याच टप्प्यावर डिस्कला कान लावून ऐकावे, असेही मी सांगेन. ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज करून थांबणारी आणि पुन्हा फिरू लागणारी डिस्क पुसण्याच्या पलीकडे गेलेली असते; तिच्यातला डेटा हवा असेल तर ती तशीच बंद ठेवावी आणि नको असेल तर पुढे सांगितल्याप्रमाणे मोडून टाकावी.

चक्रीवाली डिस्क पुसणे

विंडोजमधल्या डिस्कपार्ट या साधनाने हे काम वेगळा प्रोग्राम न घेता होते. आज्ञा टंकताना अर्थातच रोमन अक्षरे वापरावी लागतात. येथे त्यांचे उच्चार देत आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा आणि ‘डिस्कपार्ट’ टंकावे. ‘लिस्ट डिस्क’ दिल्यावर सर्व डिस्क क्रमांक आणि क्षमतेसह दिसतात. आपली डिस्क 1 क्रमांकाची असेल तर ‘सिलेक्ट डिस्क 1’ द्यावे. येथे थांबावे. ‘डिटेल डिस्क’ दिल्यावर निवडलेल्या डिस्कचे मॉडेल नाव दिसते. ते कागदावरच्या नावाशी जुळले तरच ‘क्लीन ऑल’ द्यावे. ज्या डिस्कवरून विंडोज चालू आहे ती पुसायला हे साधन नकार देते, पण इतर कोणत्याही डिस्कबद्दल "खरेच पुसू का?" असे एकदाही विचारत नाही.

‘क्लीन ऑल’ प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते आणि काम किती झाले हे अजिबात सांगत नाही. पडद्यावर कर्सर लुकलुकत राहतो आणि संगणक अडकला की काय अशी शंका येते. अशा वेळी टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्स या भागात त्या डिस्कचा लिहिण्याचा वेग पाहावा. तो चालू असेल तर काम चालू आहे. वेळेचा हिशेब आधीच करून ठेवणे बरे. सरासरी 100 एमबी प्रतिसेकंद वेगाने एक टीबी लिहायला 10,000 सेकंद, म्हणजे सुमारे 2 तास 47 मिनिटे लागतात. हीच डिस्क जुन्या यूएसबी 2.0 पोर्टला लावली आणि वेग 30 एमबीवर आला, तर सव्वानऊ तास लागतात. पावसाळ्यात दुपारी वीज जाण्याचा भरवसा असेल तर डेस्कटॉप यूपीएसवर आहे ना ते पाहावे, कारण मधेच बंद पडलेले काम पहिल्यापासून करावे लागते. एप्रिल-मेच्या उन्हात बंद खोलीत डिस्क टेबलावर उघडी ठेवून तासन्‌तास लिहीत बसवू नये. बाजूला पंखा लावावा आणि तापमान 50 अंशांच्या खाली ठेवावे.

एकदा शून्ये लिहिली की पुरते का, की सात वेळा, पस्तीस वेळा लिहावे लागते? पस्तीसचा आकडा पीटर गटमन यांच्या 1996 च्या शोधनिबंधातून आला. त्या काळात वेगवेगळ्या पद्धतींनी डेटा लिहिणाऱ्या डिस्क होत्या आणि त्या सर्वांना पुरून उरतील असे नमुने त्यांनी एकत्र दिले होते. कोणत्याही एका डिस्कला ते सगळे लागत नव्हते. आधुनिक डिस्कवर पस्तीस वेळा लिहिण्याला अर्थ नाही, असे पुढे गटमन यांनीच स्पष्ट केले. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही सामान्यतः एकदा पूर्ण लिहिणे पुरेसे आहे. वरच्या हिशेबाने पस्तीस फेऱ्यांना चार दिवसांहून अधिक लागतात आणि एवढ्या वेळात जुनी डिस्क झिजण्यापलीकडे काही साधत नाही.

ज्या संगणकात एकच डिस्क आहे आणि तीच पुसायची आहे, तेथे पेनड्राइव्हवरून सुरू होणारी श्रेडओएस ही छोटी प्रणाली वापरावी. तिच्यातला एनवाइप हा प्रोग्राम डिस्कचे मॉडेल, अनुक्रमांक, किती टक्के काम झाले आणि किती वेळ उरला हे सगळे दाखवतो, आणि लिहून झाल्यावर पडताळणीही करतो. संगणक विंडोजसकटच कोणाला द्यायचा असेल तर ‘रीसेट धिस पीसी’ मध्ये सर्व काढून टाकण्याच्या पर्यायाखाली ‘क्लीन डेटा’ ची खूण चालू करावी. घरगुती वापरासाठी ते ठीक आहे, कारखान्याच्या कागदपत्रांसाठी मी त्यावर विसंबणार नाही.

आता या पायरीचा दुसरा फायदा. पूर्ण पुसणे म्हणजे डिस्कच्या कानाकोपऱ्यात लिहिण्याची परीक्षाच असते. पुसून झाल्यावर स्मार्टची नोंद पुन्हा पाहावी. सी5 मधले संशयित सेक्टर लिहिण्याच्या वेळी निकालात निघतात: लिहिणे जमले तर ते यादीतून सुटतात, जमले नाही तर राखीव जागेत हलवले जाऊन 05 ची संख्या वाढते. सी5 शून्यावर आला आणि 05 आहे तेवढाच राहिला, तर डिस्क अजून वापरण्याजोगी आहे. 05 वाढला असेल तर आणखी एकदा पुसावी. दुसऱ्या खेपेसही तो वाढत असेल तर ती डिस्क कोणालाही देऊ नये, विकत तर नाहीच. आमच्या तीन डिस्कांपैकी लॅपटॉपमधली 500 जीबीची अशीच निघाली.

खरोखर पुसले गेले का याची खात्री एचएक्सडी या प्रोग्राममध्ये डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडून करता येते. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटाकडे उड्या मारून पाहावे. सगळीकडे शून्यांच्या ओळीच्या ओळी दिसल्या पाहिजेत. मालकांना मी तेच दाखवले. सहीशिक्क्याच्या कागदापेक्षा त्या शून्यांनी त्यांचे जास्त समाधान झाले.

एसएसडीचे शास्त्र वेगळे

वरची रीत एसएसडीला तशीच लावू नये. एसएसडीत फिरणारी चकती नसते, डेटा चिपांमध्ये राहतो. एसएसडीच्या आतला कंट्रोलर झीज सारखी व्हावी म्हणून लिहिण्याची जागा सतत बदलत असतो आणि संगणकाला न दिसणारी काही जागा स्वतःकडे राखून ठेवतो. त्यामुळे बाहेरून शून्ये लिहिली तरी जुन्या मजकुराचे तुकडे आत राहू शकतात, आणि लिहिण्याची मर्यादित आयुष्यमर्यादा मात्र खर्च होते. एसएसडीसाठी ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा असते. ती मिळाल्यावर कंट्रोलर स्वतःच सर्व पेशी रिकाम्या करतो आणि हे काम बहुधा काही सेकंदांत किंवा मिनिटांत उरकते. सॅमसंग, क्रुशल, किंग्स्टन, वेस्टर्न डिजिटल या निर्मात्यांची स्वतःची मोफत साधने आहेत. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्येही, हा पर्याय सापडतो. डिस्क यूएसबीच्या खोक्यातून जोडलेली असेल तर ही आज्ञा अनेकदा आतपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून एसएसडी थेट मदरबोर्डला जोडावी. ‘फ्रोझन’, म्हणजे डिस्क कुलूपबंद आहे, असा निरोप आला तर संगणक एकदा स्लीपमध्ये घालून जागा करावा. बहुतेक वेळा तेवढ्याने कुलूप उघडते.

ज्यांच्याकडे विंडोजची प्रो आवृत्ती आहे त्यांनी नवी एसएसडी घेताच, तिच्यावर काही ठेवण्याआधी, बिटलॉकर ही डेटा सांकेतिक रूपात ठेवणारी सोय चालू करावी. मग विकण्याच्या दिवशी फॉरमॅट करून रिकव्हरी की नष्ट केली की आत उरलेल्या तुकड्यांचा कोणालाही उपयोग नसतो.

बंद पडलेल्या डिस्कला कोणतीच आज्ञा देता येत नाही, तेव्हा ती मोडावी. साडेतीन इंची डिस्कमधल्या चकत्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात; ड्रिलने त्यांना आरपार चार-पाच भोके पाडावीत. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमध्ये चकत्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि भोक पाडताच त्यांचा चुरा होतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे घातल्याशिवाय हे करू नये. एसएसडीच्या बाबतीत भोक नेमके चिपांवर पडले पाहिजे, नुसते खोके फोडून काही होत नाही. फ्रिजच्या दारावरचे लोहचुंबक डिस्कवर फिरवणे हा निव्वळ गैरसमज आहे. उरलेले अवशेष कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचीही तीच अपेक्षा आहे.

फॉरमॅट

कोरी डिस्क जोडली की विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट ती ‘इनिशियलाइझ’ करायला सांगते आणि विभागांची नोंद ठेवण्याची पद्धत एमबीआर (जुनी) की जीपीटी (नवी) असे विचारते. दोन टीबीहून मोठ्या डिस्कला जीपीटीच घ्यावे लागते, कारण एमबीआरला त्यापुढची जागा वापरता येत नाही. लहान डिस्कलाही आज जीपीटीच घ्यावे. डिस्क एखाद्या जुन्या, युईएफआय (बायोसची नवी पिढी) नसलेल्या संगणकात विंडोज टाकण्यासाठी जाणार असेल तरच एमबीआर.

फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची नोंद ठेवण्याची रीत, निवडताना डिस्क पुढे कोठे जाणार हे पाहावे. विंडोजच्याच संगणकात राहणार असेल तर एनटीएफएस. विंडोज, मॅक आणि टीव्ही यांच्यात फिरणार असेल तर एक्सफॅट. फॅट32 मध्ये 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ घेऊन फिरणाऱ्यांच्या ती कामाची नाही. पण अंबड-सातपूरच्या कारखान्यांत तिला अजून मरण नाही, कारण अनेक जुन्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशिनचे कंट्रोलर यूएसबीवरून फक्त फॅट32 वाचतात. विंडोजच्या फॉरमॅटच्या नेहमीच्या खिडकीत 32 जीबीहून मोठ्या विभागाला हा पर्याय दिसत नाही. त्यासाठी 16 जीबीचा एक लहान विभाग करावा आणि तेवढाच फॅट32 करावा. मशिनचे प्रोग्राम काही केबींचे असतात, ती जागा त्यांना उभा जन्म पुरते. ॲलोकेशन युनिट साइज आहे तशीच ठेवावी. डिस्क नुकतीच पूर्ण पुसली असल्याने येथे क्विक फॉरमॅट पुरेसा आहे. या एका जागी मी तो निःशंकपणे वापरतो.

वेगाची तुलना

‘ही डिस्क फास्ट आहे’ या वाक्याला एकच अर्थ नसतो. मोठी फाइल सलग वाचण्याचा वेग आणि हजारो लहान फाइली इकडून तिकडून वेचण्याचा वेग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि संगणक संथ वाटतो तो बहुतेक वेळा दुसऱ्यामुळे. 7200 फेऱ्यांची डिस्क सेकंदाला 120 वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला 8.33 मिलिसेकंद लागतात आणि हवा तो सेक्टर डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे 4.17 मिलिसेकंद थांबावे लागते. 5400 फेऱ्यांच्या डिस्कमध्ये हाच काळ 5.56 मिलिसेकंद होतो. त्यात डोके योग्य रेघेवर नेण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले की 7200 ची डिस्क सेकंदाला जेमतेम पाऊणशे ते ऐंशी ठिकाणी पोहोचते. प्रत्येक ठिकाणाहून 4 केबी उचलले तर सेकंदाला साधारण 0.3 एमबी झाले! हीच डिस्क सलग वाचताना दीडशे एमबीच्या पुढे जाते. साध्या साटा एसएसडीला फिरणारे काही नसल्याने ती हेच विखुरलेले वाचन साधारण 25 ते 35 एमबी वेगाने करते. जुन्या लॅपटॉपला एसएसडी लावल्यावर तो नवा वाटतो, त्याचे सगळे रहस्य या दोन आकड्यांत आहे.

मोजण्यासाठी क्रिस्टलडिस्कमार्क हा प्रोग्राम सोयीचा आहे. त्यातली वरची ओळ सलग वाचन-लेखनाची आणि सर्वांत खालची, ‘आरएनडी 4के, क्यू1’ अशी, विखुरलेल्या लहान तुकड्यांची असते. जाहिरातीत नेहमी वरची ओळ छापतात. खरेदी करताना मी खालची पाहतो. चाचणीचा आकार किमान 1 जीबी ठेवावा, म्हणजे डिस्कच्या आतल्या छोट्या कॅशचा, तात्पुरत्या वेगवान साठ्याचा, वेग आपण मोजत बसणार नाही. चाचणी तीनदा घेऊन मधला आकडा धरावा आणि त्या वेळी अँटिव्हायरसचे स्कॅन, विंडोज अपडेट किंवा क्लाउडचे सिंक चालू नसावे.

तुलना म्हटली की परिस्थिती सारखी हवी, आणि सर्वांत जास्त फसगत पोर्टमध्ये होते. आमच्या एक टीबीच्या डिस्कचा वेग पहिल्या दिवशी जेमतेम 35 एमबी आला आणि मी तिला जवळजवळ भंगारात काढली होती. नंतर लक्षात आले, की यूएसबीचा डॉक मी संगणकाच्या पुढच्या काळ्या पोर्टला लावला होता. यूएसबी 2.0 ची कागदावरची मर्यादाच 480 मेगाबिट, म्हणजे 60 एमबी आहे आणि प्रत्यक्षात हाती 30 ते 40 लागतात. मागच्या निळ्या, यूएसबी 3.0 च्या पोर्टला लावताच तीच डिस्क चारपटीहून अधिक वेगाने चालली. साटा 3 ची मर्यादा 6 गिगाबिट असते आणि तिथे दर बाइटला दहा बिट खर्च होत असल्याने ती 600 एमबी भरते. त्यामुळे चांगल्यात चांगली साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास अडकते आणि त्यापुढे जायचे तर साटाऐवजी अधिक वेगवान मार्गाने जोडली जाणारी एनव्हीएमई एसएसडी घ्यावी लागते.

हे निदान आलेखावरून फार सोपे होते. एचडी ट्यूनची मोफत आवृत्ती डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचत जाते आणि वेगाची रेघ काढते. चक्रीच्या बाहेरच्या रेघा लांब असतात, त्यांवर एका फेरीत जास्त डेटा मावतो. म्हणून निरोगी हार्ड डिस्कची रेघ वरून सुरू होऊन हळूहळू उतरते आणि शेवटी साधारण निम्म्यावर येते. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट आली तर मोजला गेला तो पोर्टचा वेग, डिस्कचा नव्हे. उतरत्या रेघेत एकाच जागी पुन्हा पुन्हा खोल खड्डा पडत असेल तर तो भाग दुबळा आहे. खड्डे दर वेळी नव्या जागी पडत असतील तर मागे दुसरा कोणतातरी प्रोग्राम डिस्क वापरतो आहे.

सिक्युअर इरेज केलेल्या एसएसडीवर मात्र ही वाचनाची चाचणी घेऊ नये. रिकाम्या जागेसाठी कंट्रोलर पेशींकडे जातच नाही, थेट शून्ये पाठवून देतो आणि वेग अवास्तव मोठा दिसतो. एसएसडीवर आधी खऱ्या फाइली भराव्यात आणि मग मोजावे. स्वस्त एसएसडीमध्ये आणखी एक खोच असते: पहिले काही जीबी वेगवान कॅशमध्ये लिहिले जातात आणि ती भरली की लिहिण्याचा वेग एकदम खाली येतो, कधी कधी चक्रीवाल्या डिस्कच्याही खाली. एसएमआर प्रकारच्या हार्ड डिस्कांचेही असेच होते, कारण त्यांच्या रेघा एकमेकींवर कौलांसारख्या चढवलेल्या असतात आणि एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. अशा डिस्कवर 1 जीबीची चाचणी उत्तम गुण देते आणि रात्रभराचा बॅकअप सकाळी अर्धाच झालेला सापडतो.

म्हणून शेवटची मोजणी मी नेहमी घरच्या मालावर करतो. एका फोल्डरमध्ये दहा हजार लहान ड्रॉइंग आणि दुसऱ्यात एकच 20 जीबीची व्हिडिओ फाइल, असे दोन ठरावीक फोल्डर मी ठेवले आहेत. दोन्ही वेगवान एनव्हीएमईवरून तपासायच्या डिस्कवर विंडोजच्या रोबोकॉपी या आज्ञेने पाठवायचे; काम संपल्यावर ती किती वेळ लागला आणि वेग किती पडला हे स्वतःच छापते. एक्सप्लोररमधल्या हिरव्या पट्टीवर विश्वास ठेवू नये, कारण सुरुवातीचा डेटा संगणकाच्या रॅममध्येच थांबलेला असतो आणि पट्टी मात्र तो लिहिला गेला असे दाखवत धावत असते. वाचनाची चाचणी पुन्हा घ्यायची असेल तर मधे संगणक रीस्टार्ट करावा. नाहीतर दुसऱ्या वेळी फाइली रॅममधूनच येतात.

त्या तीन डिस्कांचा निकाल असा लागला. 500 जीबीच्या लॅपटॉप डिस्कमध्ये दुसऱ्या पुसण्यातही 05 ची संख्या वाढली, तेव्हा मालकांनी ती स्वतःच्याच ड्रिल मशिनखाली ठेवली. आत काचेच्या चकत्या होत्या, हे पहिल्याच भोकाला कळले. एक टीबीची 7200 फेऱ्यांची डिस्क धडधाकट निघाली. सलग लिहिण्यात ती चांगली आणि विखुरलेल्या कामात संथ, म्हणून तिला आठवड्याच्या बॅकअपचे काम दिले. 240 जीबीच्या एसएसडीवर सिक्युअर इरेज करून नवे विंडोज टाकले आणि विकायच्या तीन संगणकांपैकी बऱ्यापैकी असलेल्या एकात ती बसवली. दुकानदाराने त्या एकाचे पैसे डिस्क नसलेल्या बाकी दोघांच्या एकत्र किमतीपेक्षा जास्त दिले. बॅकअपच्या डिस्कवर आता एक कागदी पट्टी चिकटवलेली आहे: पुसल्याची तारीख, चाललेले तास, 05 चा आकडा, आणि सुरुवातीचा व शेवटचा वाचनवेग. दर सहा महिन्यांनी त्याखाली नवी ओळ लिहायची, असे ठरले आहे.